नदीच्या पाण्यात तणनाशक मोजायचं, तर नमुना कधी घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या ओढ्या-नद्यांचं पाणी तपासू पाहणारे विद्यार्थी, ग्रामपंचायती, पाणीपुरवठा योजनांवरचे कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी ही पाने आहेत. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे पोचते ती एका क्षणाची बाटली. तो क्षण कोणता, हे नमुना घेणाराच ठरवत असतो. पुढचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

महिन्यातून एक नमुना घेतो. त्यात काय बिघडलं?

हिशेब मांडून पाहू. एक ओढा धरा, जुलैचे ३० दिवस म्हणजे ७२० तास. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. फवारणीनंतर एक जोराचा पाऊस होतो. पहिले १२ तास पाण्यात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक ८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पुढचे ६० तास पूर ओसरताना सरासरी २. उरलेले ६४८ तास ०.१.

महिन्याची खरी सरासरी येते ०.३९. आता डोळे मिटून एखादी वेळ निवडली, तर १२ तासांचा लोंढा सापडण्याची शक्यता ६० मध्ये १. ०.१ हाच आकडा मिळण्याची शक्यता ९० टक्के. अहवालात '०.१' छापलं जातं आणि ओढा स्वच्छ ठरतो.

आठवड्याला एक नमुना घेतला तर पुराच्या ७२ तासांतला एखादा क्षण सापडण्याची शक्यता साधारण ४३ टक्के होते, पण नेमका लोंढा सापडण्याची १४ मध्ये १ एवढीच. म्हणजे साप्ताहिक नमुन्याच्या हाती शेपूट लागते, डोकं निसटतं.

एकूण किती तणनाशक वाहून गेलं हे काढताना गोंधळ आणखी वाढतो. लोंढ्यात प्रवाह सेकंदाला २० घनमीटर, ओसरताना ५, एरवी ०.३ धरला तर महिन्यात सुमारे ९.१ किलो अ‍ॅट्राझिन वाहतं. त्यातलं ६.९ किलो त्या १२ तासांतच. उघडिपीतल्या ६४८ तासांचा वाटा १०० ग्रॅमपेक्षाही कमी. उघडिपीतला ०.१ हा आकडा महिनाभराच्या सगळ्या पाण्याला लावला तर उत्तर येतं पाव किलोच्या आसपास, खऱ्यापेक्षा ३५ पट कमी. उलट लोंढ्यातला ८ सगळ्या पाण्याला लावला तर २१ किलो. दोन्ही नमुने खरे, प्रयोगशाळाही बरोबर, आणि उत्तरं दोन्ही चूक.

आपल्याकडे तणनाशक पाण्यात नेमकं कधी येतं?

इथे मराठवाड्याची काळी माती समजून घ्यावी लागते. उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतच जिरतो, ओढ्याला पाणी येत नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तेवढा पाऊस होईपर्यंत चिकणमाती फुगून भेगा मिटत आलेल्या असतात. वापसा येतो, पेरणी होते आणि ४८ तासांच्या आत पेंडीमेथॅलिनसारखं उगवणीपूर्वीचं तणनाशक मारलं जातं. म्हणजे औषध जमिनीवर पडतं ते नेमकं जमीन पाणी मुरवायचं सोडून वाहून घालवायला लागलेली असते तेव्हा. त्यानंतरचा पहिला जोराचा पाऊस हा मोसमातला सर्वांत महत्त्वाचा नमुना.

दुसरी लाट सोयाबीन १५ ते २० दिवसांचं झाल्यावर, इमॅझेथापायरच्या फवारणीनंतर. आर्द्रात पेरणी झाली तर ही फवारणी पुनर्वसूत, नाहीतर पुष्याच्या तोंडावर येते. म्हणून वेळापत्रक तारखांवर बांधू नका. गावातली पेरणी कधी झाली त्यावर बांधा. दुबार पेरणी झाली तर उगवणीपूर्वीचं औषध पुन्हा पडतं आणि तुमचं वेळापत्रकही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आश्लेषा-मघानंतर खरिपातली फवारणी जवळपास थांबते. ऊस आणि रब्बी मका असलेल्या भागात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

एका एकरातून असं कितीसं जाणार?

मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे १० लाख लिटर पाण्यात १ ग्रॅम. एका एकरावरून २५ मिमी पाणी वाहून गेलं तर ते सुमारे १ लाख लिटर भरतं. १० टक्के तीव्रतेचं इमॅझेथापायर एकरी ४०० मिली मारलं की मूळ रसायन ४० ग्रॅम पडतं. त्यातलं १ टक्का, म्हणजे ०.४ ग्रॅम वाहिलं, तरी बांधावरच्या पाण्यात ४ मायक्रोग्रॅम होतात. मक्यात एकरी ४०० ग्रॅम मूळ अ‍ॅट्राझिन पडलं असेल तर याच हिशेबाने ४०. शेतकऱ्याच्या दृष्टीने १ टक्का म्हणजे काहीच नुकसान नाही, म्हणून ते त्याच्या लक्षातही येत नाही.

सगळ्या तणनाशकांना एकच वेळापत्रक चालतं का?

नाही. अ‍ॅट्राझिन आणि इमॅझेथापायर पाण्यात विरघळून जातात. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५. अशा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत इमॅझेथापायर मातीला फारसं चिकटत नाही, त्यामुळे पहिल्या लोंढ्याबरोबर सहज निघतं आणि ओसरत्या पाण्यातही काही काळ राहतं.

पेंडीमेथॅलिनचं उलट. ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि मातीच्या कणांना धरून बसतं. पाणी जितकं गढूळ तितकं पेंडीमेथॅलिन. गाळून घेतलेल्या नमुन्यात ते दिसणार नाही, कारण ते गाळणीवरच राहिलेलं असतं. पॅराक्वाट तर काळ्या मातीच्या चिकण कणांत इतकं घट्ट अडकतं की निवळ पाण्यात शोधणं जवळपास व्यर्थ. तिथे गाळ तपासावा लागतो. ग्लायफोसेट विरघळतं भरपूर, पण मातीलाही चिकटतं. त्याच्याबरोबर त्याचं विघटन होऊन बनणारं एएमपीए मागितलं नाही तर अर्धीच गोष्ट हाती येते.

प्रयोगशाळेला आधीच सांगा, गाळलेलं हवं, न गाळलेलं हवं, की दोन्ही. नंतर विचारून उपयोग नसतो.

पूर आला. आता नेमकी बाटली कधी भरायची?

पाणी चढत असताना. विरघळणाऱ्या तणनाशकाचा कळस लहान ओढ्यात बहुधा पुराच्या कळसाच्या आसपास किंवा त्याआधी येतो. पूर माथ्यावर गेल्यावर फोन, मग गाडी, मग बाटल्या शोधायच्या, म्हणजे वरातीमागून घोडं.

किती वेळाने घ्यायचे ते नदीच्या आकारावर ठरतं. पाणलोट ५० चौरस किलोमीटरपेक्षा लहान असेल तर अर्ध्या ते एक तासाने. दुधना, तेरणा, कयाधू यांसारख्या नद्यांवर ३ ते ४ तासांनी. गोदावरीवर गंगाखेड किंवा नांदेडला १२ ते २४ तासांनी घेतलं तरी चालतं, कारण दहा ओढ्यांचे दहा कळस एकमेकांत मिसळून तिथे एक रुंद, बुटका फुगवटा झालेला असतो.

सुरुवात कधी, यासाठी एक ठरलेली खूण हवी. पुलाच्या खांबावर दर १० सेंमीला ऑइलपेंटची रेघ मारा आणि जवळ राहणाऱ्या एका माणसाशी बोलून ठेवा: पाणी नेहमीपेक्षा ३० सेंमी वर गेलं की फोन. महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या महसूल मंडळनिहाय पावसाच्या आकड्यांवर नजर ठेवा, पण एकट्या त्यांच्यावर विसंबू नका. मंडळाच्या केंद्रावर कोरडं आणि तुमच्या पाणलोटात ढगफुटीसारखा पाऊस, हे इथे वळवाच्या दिवसांत हमखास होतं.

पाऊस रात्री पडतो, आम्ही सकाळी ११ ला पोचतो. चालेल?

हाच सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा घोटाळा आहे. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात मेघगर्जनेसह पाऊस बहुधा दुपार उलटल्यावर येतो. लहान ओढ्याचा लोंढा रात्री ९ ला येऊन पहाटे २ ला ओसरलेला असतो. कार्यालयीन वेळेत, रविवार-सुट्ट्या वगळून घेतलेले नमुने म्हणजे लोंढे वगळून घेतलेले नमुने.

शक्य असेल तर स्वयंचलित नमुना यंत्र बसवा. २४ काचेच्या बाटल्या, १२ व्होल्टची बॅटरी आणि पाण्याची पातळी वाढली की चालू होणारा सेन्सर. लहान ओढ्यासाठी आम्ही सुचवतो ते असं: पातळी ३० सेंमी चढली की सुरू, पहिल्या १२ बाटल्या दर अर्ध्या तासाला, पुढच्या १२ दर दोन तासांनी. असे ३० तास निघतात. सगळ्या २४ प्रयोगशाळेत पाठवायच्या नसतात. पातळीचा आलेख पाहून चढतीच्या तीन, माथ्यावरची एक, उतरतीच्या दोन अशा सहा निवडा.

यंत्र फसतं ते ठरलेल्या जागी. तोंडाच्या जाळीत तुऱ्हाट्या आणि पऱ्हाटीचा कचरा अडकतो. जाळी तळाला टेकली असेल तर गाळ ओढला जातो आणि पेंडीमेथॅलिनचा आकडा फुगतो. पुलाची उंची ८ मीटरच्या वर गेली की पंप पाणी खेचतच नाही. पंपातली सिलिकॉनची नळी काही रसायनं शोषून घेते. त्यामुळे प्रत्येक नमुन्याआधी नळी नदीच्याच पाण्याने तीनदा धुतली जाईल अशी सेटिंग ठेवा, आणि मोसमाच्या सुरुवातीला शुद्ध पाणी त्याच नळीतून काढून तपासायला पाठवा. बॅटरी दर आठवड्याला मोजा. लोखंडी पेटी, साखळी आणि कुलूप यांचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

दिवसभराचं पाणी एका बाटलीत मिसळलं तर खर्च वाचेल का?

वाचेल, पण काय हरवतं ते माहीत असू द्या. वरच्याच ओढ्यात १२ तास ८ आणि १२ तास २ असे एकत्र केले, तासाला १०० मिली प्रमाणे २.४ लिटर, तर उत्तर ५ येईल. प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलं, म्हणजे दर ठरावीक घनमीटरमागे एक हिस्सा घेतला, तर ६.८. एकूण वाहून गेलेलं वजन काढायला दुसरी पद्धत चांगली. माशांवर, शेवाळावर त्या तासांत काय ओढवलं हे पाहायचं असेल तर दोन्ही निरुपयोगी, सुटेच नमुने हवेत.

पाण्यात महिनाभर ठेवून द्यायचे सॅम्पलर असतात म्हणे?

असतात. दोन पातळ पडद्यांमध्ये शोषक भुकटी असलेली चकती जाळीदार पिंजऱ्यात घालून १४ ते २८ दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. अ‍ॅट्राझिनसारख्या रसायनासाठी ती दिवसाला साधारण ०.२ लिटर पाण्यातलं रसायन शोषते असं धरलं, तर १४ दिवसांत २.८ लिटरचं जमा होतं. आपल्या ओढ्यात लोंढ्यासह १४ दिवसांची सरासरी ०.७२ येते, म्हणजे चकतीत सुमारे २ मायक्रोग्रॅम सापडतील. रात्रीचा लोंढाही त्यात धरला जातो, हा मोठा फायदा. पण ८ चा कळस कधी होता, किती वेळ होता, हे चकती सांगत नाही. शोषण्याचा वेग पाण्याच्या वेगावर आणि तापमानावर बदलतो. ग्लायफोसेटसाठी या नेहमीच्या चकत्या उपयोगी नाहीत.

मराठवाड्यात खास अडचण अशी की उघडीप लांबली की ओढा आटतो आणि चकती उघडी पडते. त्या क्षणापासून ती पाणी नव्हे, हवा मोजते. पिंजरा डोहात टांगा, आणि तो पाण्याबाहेर आल्याचं दिसलं तर ती तारीख लिहून ठेवा.

धरणाखाली, बंधाऱ्यात किंवा आटलेल्या नदीत कसं?

धरण लोंढ्याला सपाट करतं. पैठणच्या नाथसागरात वरून आलेला तीक्ष्ण कळस पसरून बुटका होतो, पण बराच काळ टिकतो. अशा पाण्याला पंधरा दिवसांतून एक नमुना पुरतो. तीच शिस्त धरणात येणाऱ्या ओढ्याला लावली तर काहीच सापडणार नाही. कालव्याचं आवर्तन सुटलं की नदीत येणारं पाणी मुळात त्या पाणलोटाचं नसतंच, म्हणून आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे शाखेतून घेऊन ठेवा.

कोल्हापुरी बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर फळ्या बसल्या की वाहतं पाणी तुंबलेलं होतं. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तिथला २५ ऑक्टोबरचा आणि १० नोव्हेंबरचा नमुना एकाच रकान्यात ठेवू नका. एक नदीचा आहे, एक तळ्याचा.

नदी कोरडी असेल तर नोंदवहीत 'कोरडी' लिहा. रकाना रिकामा सोडू नका आणि शून्यही लिहू नका.

मोसमाला २० नमुन्यांचेच पैसे आहेत. कसे वाटू?

पेरणीआधी ओढ्याला पहिलं पाणी येईल तेव्हा १. तो गेल्या वर्षीच्या अवशेषांचा. फवारणीनंतरच्या पहिल्या दोन पुरांना प्रत्येकी ५. तिसऱ्या पुराला ३. ऑगस्टमध्ये ठरलेल्या तारखांना २ आणि ऑक्टोबरअखेर १. झाले १७. उरलेले ३ पडताळणीचे: नदीकाठी उघडून भरलेला शुद्ध पाण्याचा १, एकाच क्षणी भरलेला जोडनमुना १, आणि तणनाशकाची ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळलेला १. हे तीन कापून नदीचे तीन वाढवावेत असा मोह प्रत्येकाला होतो. आकडा वादात सापडला की त्या तिघांशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

बाटली, बर्फ, वाहतूक?

बहुतेक तणनाशकांना तपकिरी काचेची १ लिटरची बाटली, टोपणाला टेफ्लॉनचं अस्तर. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट काचेला चिकटतात, त्यांना प्लॅस्टिकची. प्रयोगशाळेने स्वच्छ करून दिलेली बाटली नदीच्या पाण्याने विसळू नका. पुलावरून घ्यायचं तर वरच्या अंगाने, मुख्य धारेत, स्टीलची बादली सोडून. बादली मात्र तीनदा विसळा. पृष्ठभागाची साय टाळून १५ ते ३० सेंमी खालचं पाणी घ्या. दोन नद्यांच्या संगमाला लागूनच घेऊ नका, बरंच अंतर पाणी दोन रंगांनी शेजारी-शेजारी वाहत असतं.

तापमान ६ अंशांच्या आत, पण गोठू द्यायचं नाही, काच फुटते. नमुना घेतल्यापासून बहुतेक पद्धतींत ७ दिवसांच्या आत रसायन पाण्यातून वेगळं काढावं लागतं. शनिवारी रात्री घेतलेला नमुना सोमवारी एसटीच्या पार्सलने जाणार असेल तर मधला बर्फ कोण बदलणार, ते शुक्रवारी ठरवा. बर्फ वितळून लेबलं धुऊन जातात: पेन्सिलीने लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी, आणि बाटली बंद पिशवीत.

अहवालात 'आढळलं नाही' आलं. म्हणजे शून्य?

म्हणजे प्रयोगशाळेच्या मोजमर्यादेखाली. मर्यादा १ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या ओढ्यातले ६४८ तास 'आढळलं नाही' मध्येच जातील. पैसे भरण्याआधी प्रत्येक रसायनाची मोजमर्यादा लेखी मागा, ०.०५ च्या आसपास असेल तर उत्तम. सरासरी काढताना 'आढळलं नाही' च्या जागी काय धरलं, शून्य की मर्यादेच्या निम्मं, हे तक्त्याखाली लिहा.

गेल्या वर्षी ३ नमुन्यांत सापडलं, यंदा ९ मध्ये. प्रदूषण वाढलं ना?

आधी दोन्ही वर्षांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. यंदा पुराचे नमुने वाढवले असतील तर वाढलं ते तुमचं लक्ष. वरच्याच ओढ्यात ठरल्या तारखांचे ४ नमुने ०.१ चे आणि लोंढ्यातले ५ नमुने ८ चे एकत्र करून सरासरी काढली तर ४.५ येते. खरी सरासरी ०.३९. ठरल्या तारखांचे आणि पुराचे नमुने कायम वेगळ्या रकान्यांत ठेवा, वर्षांची तुलनाही रकान्याने रकान्याशीच करा.

कोणत्या मर्यादेशी तुलना करायची?

आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात अ‍ॅट्राझिनला २, आयसोप्रोट्युरॉनला ९, अलाक्लोरला २०, २,४-डीला ३० आणि ब्युटाक्लोरला १२५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. सोयाबीन पट्ट्यात सर्रास वापरलं जाणारं इमॅझेथापायर आणि पेंडीमेथॅलिन त्या यादीत नाहीत. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाला ०.१ आणि सगळ्यांना मिळून ०.५. अमेरिकेत अ‍ॅट्राझिनला ३, पण तो आकडा वर्षाच्या सरासरीवर तपासला जातो. म्हणून एका रात्रीचा ८ वर्षाच्या सरासरीच्या मर्यादेशी ताडून 'तिप्पट विष' असा मथळा करू नका. महिन्याच्या एका ०.१ वरून 'पाणी सुरक्षित' असंही म्हणू नका.

प्रवाह मोजायला यंत्र नाही.

सरळ पात्रात २० मीटर अंतर आखा, नारळ किंवा संत्रं सोडा, वेळ मोजा, तीनदा. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणा, मग पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने. छेद उन्हाळ्यातच टेपने मोजून ठेवा. अंदाज ढोबळ असतो, पण प्रवाहाशिवायचा आकडा वजन सांगूच शकत नाही.

पुरात उतरायचं का?

नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पुलावरून वाहत असेल तर नमुना सोडून द्या. एकट्याने रात्री जाऊ नका, विजा चमकत असताना बादली-दोर हातात धरू नका.

नोंदवहीत काय लिहायचं?

एवढं तरी: '१८ जुलै, रात्री ९.४०. खांबावर १.२ ची खूण, पाणी चढतं. रंग काळपट, कचरा भरपूर. पाऊस ७.१५ ला सुरू, ८.३० ला थांबला. वरच्या शिवारात सोयाबीनला चार दिवसांपूर्वी फवारणी. बाटली क्र. ७, न गाळलेली, बर्फात १०.०५ ला.' 'चढतं' की 'उतरतं' हा शब्द राहून गेला तर दोन महिन्यांनी तो आठवणार नाही, आणि बाटली क्र. ७ चा आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा ते कुणालाच सांगता येणार नाही.